अश्फाकचं खोडरबर

कडेगावच्या एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून अश्फाकला पंधरा वर्षं झाली होती. त्याच्या हाताला गुण आहे, असं आजूबाजूची गावं म्हणायची. चार लोक असं म्हणू लागले की माणूस डोकं वापरायचं विसरतो. अश्फाकचंही तेच झालं होतं.

हल्ली त्याने एक शहाणपणा सुरू केला होता. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनच्या बूट मेन्यूत, म्हणजे मशीन चालू होताना दिसणाऱ्या यादीत, तो दोन ओळी जास्तीच्या घालून द्यायचा. एक मेमरी तपासायची, दुसरी डिस्क. विंडोज उघडलं नाही तरी या तपासण्या थेट यंत्रावर चालतात. गिऱ्हाइकाचा फोन आला की दुकानात बसूनच सांगायचं, "तेवढी मेमरीची ओळ निवडा, लाल काय दिसतंय का बघा." हेलपाटा वाचायचा.

त्या दिवशी टेबलावर एका गावच्या दूध डेअरीचं जुनं मशीन होतं. डेअरीने वर्षापूर्वीच नवं घेतलं होतं आणि धूळ खात पडलेलं जुनं आता त्यालाच देऊन टाकलं. त्याने यादीत दोन ओळी घातल्या, चालतात का बघायला मेमरीची तपासणी लावली आणि चहाला गेला. परत येतो तर स्क्रीन लालभडक. मेमरीत शून्य ठेवलं की मधूनच तिथून एक परत येत होता. मशीन सगळे आकडे शून्य आणि एकातच लिहितं; शेवटच्या शून्याच्या जागी एक आला की आकडा एकाने फुगणार. सहाचे सात, आठाचे नऊ.

 अश्फाकला पूजा आठवली.

पूजा ही नाथाजी हवालदारांची सून. नाथाजी फौजेतून निवृत्त होऊन दोन म्हशी पाळून होते, आणि पूजा वर्षापूर्वीपर्यंत याच मशीनवर डेअरीच्या दुधाच्या नोंदी करायची. त्या नोंदींत अधूनमधून घातल्यापेक्षा लिटरभर दूध जास्त निघायला लागलं. नशीब असं खोटं, की जास्त निघालेल्यांत तिच्या सासऱ्याचंही नाव होतं. मग काय, लोकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. चेअरमन नानासोंनी मशीन तपासायला अश्फाकला बोलावलं. त्याने नेहमीप्रमाणे झाकण काढलं, रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं, फुंकर मारली आणि पट्टी परत बसवली. दहा मिनिटं मशीन झकास चाललं.

"मशीन चोख हाय," त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

"भाऊ, दिवसभर चालू ठिवून बघा की," पूजा काकुळतीला येऊन म्हणाली होती.

तो हसला होता. "वैनी, मशीन खोटं बोलत न्हाई."

तेवढ्या वाक्यावर पूजाचं काम गेलं आणि चोर हे नाव मागे राहिलं. तेव्हापासून नाथाजी रोज सकाळी किटली घेऊन डेअरीच्या दारावरून पलीकडच्या गावाला चालत जायचे, दूध घालायला. अश्फाकने त्यांना कितीदा पाहिलं होतं आणि मनात म्हटलंही होतं, चोर तो चोर, वर शिरजोर. आता ते आठवून त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पट्टीचे दात मळले की मशीन चुकतं, रबर घासलं की चार दिवस नीट चालतं, हे त्याला का ठाऊक नव्हतं? त्याने मशीन तपासलंच नव्हतं. आधी दुरुस्त केलं आणि मग चोख आहे म्हणून सांगून मोकळा झाला.

रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. बायकोला, महेजबीनला, त्याने सगळं सांगितलं. "बोललो तर डेअरीचं काम जाईल बघ."

"जाऊ द्या," ती ताट उचलत म्हणाली. "तिचं तर वर्षामागंच गेलंय."

सकाळी त्याने नाथाजी आणि पूजाला निरोप धाडला आणि मशीन गाडीवर बांधून डेअरी गाठली. दूध घालायला रांग लागली होती. नानासो खुर्चीत होते. नाथाजी भरली किटली हातात धरून उंबऱ्याबाहेरच थांबले, त्यांच्या मागे पूजा.

"आज दावतो, चूक कुणाची ते," असं म्हणून अश्फाकने बटण दाबलं. मशीन ढिम्म. रस्त्याच्या खड्ड्यांनी काहीतरी हललं असणार. घाईघाईने त्याने झाकण काढलं, काय ते केलं, आणि मशीन सुरू झालं. यादीतली मेमरीची ओळ त्याने निवडली. "आता लाल येतंय बघा."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. सगळे माना उंचावून बघत होते. लालचा ठिपकासुद्धा नाही.

"अश्फाक, मशीन चोखच हाय की रं!" नानासो म्हणाले. रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

अश्फाकने खाली पाहिलं. त्याच्या मुठीत खोडरबर होतं. पंधरा वर्षांच्या सवयीने हाताने आपलं काम परत केलं होतं.  आता 'माझीच समजूत चुकली' म्हणून घरी जाता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. हा विचार त्याच्या मनात आला, खोटं कशाला सांगा.

त्याने रबर टेबलावर ठेवलं.

"नानासो, आत्ता मी रबर मारलं, म्हणून ते चोख चाललंय. त्या दिवशीबी मारलं हुतं. मशीन बिघडल्यालंच हुतं, मी कुणाला बोललो न्हाई. वैनीनं काय केलं न्हाई. आता लाल येऊ दे न्हाईतर न येऊ दे, चूक माझी हाय."

 नानासोंनी ते रबर हातात घेऊन उलटसुलट केलं. मग पूजाकडे न बघताच म्हणाले, "पोरी, उद्यापासनं ये कामावर."

 पूजा उंबरा ओलांडून आत आली आणि अश्फाकसमोर उभी राहिली.

"भाऊ, रबर मारलं, एवढं त्या दिवशी सांगायला कुठलं मशीन लागत हुतं?"

 बाहेर नाथाजींनी किटली या हातातून त्या हातात घेतली आणि रोजच्यासारखे पलीकडच्या गावच्या रस्त्याला लागले.