खुर्ची एक, वापरलेली

जहाजानं आलेलं सामान बंदराच्या लांबलचक गोदामात मांडलं होतं, आणि न्हाव्याची बायको हातात यादी घेऊन त्याच्याभोवती लगीनघाईनं फिरत होती. पाट्या, डबे, गाद्या, शिडी, आरसे तीन, पाण्याचं पिंप. एकशे शहाऐंशी वस्तू. समोर प्रत्येकीचं वय. नियमच तसा होता: घर हलवणाऱ्यानं घरच्या वस्तू आणि धंद्याची हत्यारं आणावीत, त्यावर जकात नाही. पण ती निदान वर्षभर वापरलेली हवीत. नवी वस्तू म्हणजे व्यापाराचा माल, आणि परवान्याशिवाय आलेला माल आल्या जहाजानं परत.

यादी तिनं तीन वेळा लिहिली होती. नवरा वर्षभर आधी येऊन पोचला होता, आणि इथून पत्रात तिला ‘यादीबाई’ म्हणायचा. म्हणू दे. आज सकाळी बोटीतून उतरल्यापासून तिचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. वर्षानं नवरा भेटणार, स्वतःचं दुकान बघायला मिळणार, आणि नवऱ्याला ती खुर्ची दाखवायची!

खुर्ची म्हणजे दुकानाचा जीव. सासऱ्यांनी घेतलेली, गोल फिरणारी, पायाशी दांडा मारला की वर जाणारी. इथं तशी मागवायची तर चार महिने लागतात, असं नवऱ्यानं कळवलं होतं. आणि परवा पहिली तारीख. परवा दुकान उघडलं नाही तर घरमालक गाळा दुसऱ्याला देणार, असा करारच होता.

कस्टमच्या बाई चष्मा साखळीला अडकवून पुढे आल्या. त्यांनी पिंपात डोकावलं, गाद्या दाबून पाहिल्या, शिडीची पायरी नखानं खरवडली आणि शिक्के मारत सुटल्या. सासूबाई एका पेटीवर बसून पाय हलवत होत्या.

“सूनबाई, बाईंचा हात चालतोय बघ. चहाच्या आत मोकळ्या होतो आपण.”

तेवढ्यात खुर्चीवरचं गोणपाट निघालं.

लालभडक रेक्झिन. पांढराशुभ्र रंग दिलेला खांब. दांड्यावर तर तोंड दिसत होतं.

“ही नवी आहे,” बाई म्हणाल्या.

“नाही हो! चौतीस वर्षांची आहे. निघायच्या आधी मी नवं कव्हर घातलं, रंग दिला, मुलामा केला.”

“का?”

परक्या गावात पहिल्यांदा पाऊल टाकायचं, तर फाटकी खुर्ची घेऊन कशाला जायचं? लोक हसले असते. आणि नवऱ्याला चकित करायचं होतं. म्हणून पत्रातसुद्धा तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. हौसेला मोल नसतं, पण हौसेला कागदही नसतो, हे तिला आत्ता कळलं.

“खरेदीची पावती?”

“सासऱ्यांनी घेतली हो. ते जाऊन दहा वर्षं झाली.”

“मग मी काय समजायचं?” बाईंचा आवाज चढला नव्हता. “रोज कोणीतरी नवं फर्निचर घरचं म्हणून आणतं. जहाज चारला सुटतं. तोवर पुरावा आणा, नाहीतर खुर्ची त्यावर चढेल.”

घड्याळात अडीच वाजले होते.

आणि नेमका त्याच क्षणी नवरा दारातून धावत आला. बस चुकली होती, घामानं डबडबला होता, शर्टाचं एक बटण उघडं, चेहरा असा फुललेला की तिला सगळ्याचा विसरच पडला. त्यानं आईच्या पायाला हात लावला, बायकोकडे बघून नुसताच हसला. ती काही बोलणार, तोच बाईंनी विचारलं,

“तुम्ही न्हावी ना? ही खुर्ची तुमची?”

तिनं डोळे मोठे केले, मान हलवली, पदर ओढला. पण ‘कस्टमवाल्यांसमोर एक शब्द खोटा बोलू नका,’ हे पत्रातून चार वेळा बजावणारीही तीच. त्यानं खुर्चीकडे नीट पाहिलं आणि छातीठोकपणे सांगितलं,

“छे, आमची नाही. आमची काळी आहे. फाटकी.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

“अरे मेल्या! चौतीस वर्षं हिच्यापाशी उभा राहिलास, आणि रंग बदलला तर ओळखू येईना? उद्या बायकोनं नवं लुगडं नेसलं तर विचारशील, कोण तुम्ही!”

“आई, ही... अगं, ही आपली?”

तो वाकला. त्यानं दांडा पायानं दाबला. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला खुर्चीनं म्हाताऱ्या माणसासारखा उसासा टाकला. त्याचा चेहराच पालटला.

“आपलीच! बाई, आमचीच आहे. चौथ्याला अशीच कण्हते ती!”

“आत्ता तुम्ही नाही म्हणालात,” बाई म्हणाल्या. “कण्हणं मी कागदावर कसं लिहू?”

तो हताशपणे बायकोकडे बघायला लागला. ती खाली मान घालून उभी होती. रागवला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “काय देखणी केलीस गं,” आणि मग तर तिला रडूच फुटलं.

“रडतेस काय?” सासूबाई पेटीवरून उतरल्या. “जुनं आत आहे की.”

“कुठं?”

“त्या कारागिरानं जुनं कातडं काढलंच नाही. वरूनच लाल चढवलं. मी दारात बसून बघत होते.”

“अहो, पण जुनं काढायचे पैसे मी वेगळे दिले होते त्याला!”

“माहीत आहे. म्हणून तर बोलले नाही. तू त्याच्याशी भांडत बसली असतीस, आणि जहाज गेलं असतं.”

तिचे डोळे चमकले. “बाई, कापून दाखवू?”

“तुमची खुर्ची. तुमची मर्जी.”

तिनं नवऱ्याच्या वरच्या खिशातल्या कातरीकडे हात नेला, तसा तो दोन पावलं मागे सरला.

“कातर नको! कापडाला लावली की धार गेलीच.”

“अहो, खुर्ची चाललीय परत!”

“तरी नको. केसाची कातर ती.”

पहिल्यांदाच बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी सुतळी कापायची आपली सुरी पुढे केली. तिनं ती घेतली. किती दिवस त्या लाल रंगासाठी दुकानं पालथी घातली होती! क्षणभर हात थबकला. मग बैठकीच्या कडेनं सुरी सर्रकन फिरली, आणि तिनं दोन्ही हातांनी लाल कव्हर टराटरा ओढून काढलं.

खाली काळं कातडं होतं. भेगाळलेलं, मधोमध खोल खड्डा पडलेलं. खुर्चीच्या हातांवरचं कव्हर काढलं तर दोन्हीकडे कोपरांनी घासून पडलेल्या पांढुरक्या वाट्या. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, शिवणीत नख घातलं आणि चिमटीत काहीतरी धरून उजेडाकडे नेलं. केस. काळे, पिकलेले, तांबूस, बारीक बारीक, कातड्याच्या शिवणीत गच्च दडपलेले.

“हे कुणाचे?”

“गावाचे,” न्हावी म्हणाला. त्यानं त्यातला एक बोटावर घेतला. “हा कुरळा असेल तर पोस्टमनचा. दर पंधरवड्याला यायचा आणि उधारी सांगून जायचा.”

“नखानं निघत नाहीत,” बाई स्वतःशीच म्हणाल्या. “वर्षाचं काम नव्हे हे.” त्यांनी तिच्या हातातली यादी घेतली, खुर्चीच्या ओळीपुढे ‘जुनी, वापरलेली’ असं लिहिलं, सही केली आणि शिक्का असा आपटला की टेबलावरची दौत उडाली.

“घेऊन जा.”

न्हावी आनंदानं ओरडलाच. सासूबाईंनी बाईंना तोंड भरून आशीर्वाद दिला आणि वर, “केस फार रुक्ष झालेत तुमचे, दुकानात या,” असंही सुनावलं.

सामान ट्रकवर चढलं. खुर्ची शेवटी. ती आडवी करता येत नव्हती, आतलं तेल सांडलं असतं. उभी ठेवली तर गरागरा फिरत होती.

“कुणीतरी बसायला हवं तिच्यावर,” न्हावी म्हणाला.

“मला घेरी येते,” म्हणत सासूबाई ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्यासुद्धा.

ती ट्रकवर चढली आणि खुर्चीसमोर घुटमळली. सतरा वर्षं तिनं ही खुर्ची पुसली होती. बसली कधीच नव्हती. पुरुषांच्या दुकानातली खुर्ची, तिथं कशाला बसायचं?

“बस की! गिऱ्हाईक खोळंबलंय असं वाटू दे,” तो म्हणाला, आणि ती त्या खड्ड्यात बसली. मऊ होता. त्यानं पायानं दांडा दाबला. ती वर गेली. आणखी वर. चौथ्याला खुर्ची कण्हली.

“अहो, पुरे! लोक बघतायत!”

“बघू देत. भिंतीपलीकडे काय दिसतंय सांग.”

“जहाज सुटलं!” ती खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ओरडली. “अहो, चाललं! आणि त्याच्या पलीकडे रस्ता आहे, ट्राम आहे, दुकानं आहेत. आपलं कुठलं हो?”

“इथून नाही दिसायचं,” त्यानं दांड्यावर पुन्हा पाय ठेवला. “थांब, अजून दोन दाब जातेय वर.”