कॅमेऱ्यापुढची रांग

शेखरने पेठच्या डोंगरात जमीन घेतली तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "तिथे वीज आहे का?" नव्हती. मोबाइलला रेंजही नव्हती. केशर आंब्याची झाडं मात्र होती. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ करत आम्ही पोचायचो तोवर झाडं रिकामी. "चोर!" माझा नवरा नाशिकरोडच्या गॅलरीतून डोंगराकडे बघून ओरडायचा. आमच्या गॅलरीतून डोंगर दिसत नाही, दवाखाना दिसतो.

यंदा तो इरेलाच पेटला. तिथल्या खोपटाच्या छपरावर सोलर बसवलं, शेजारी उपग्रहाच्या इंटरनेटची थाळी आणि झाडांसमोर कॅमेरा. कॅमेऱ्याला स्पीकरही होता, चोरावर घरबसल्या खेकसायला. यंदा आपले आंबे आपणच खाणार, असं तो ऑफिसातही सांगून आला.

पहिल्यांदा मोबाइल वाजला तेव्हा आम्ही जेवत होतो. कॅमेऱ्यात एक बाई दिसली.

"ए! कोण आहे तिकडे?" शेखर गरजला.

बाई दचकली नाही. पदर नीट करून जवळ आली. "मी फुलाबाई, खालच्या पाड्यावरची. भाऊ, तुमी नाशकातून बोलताय ना? माझ्या दिनेशला सातपूरला फोन लावा. म्हणावं, शेळी व्याली."

आता या बाईला काय म्हणायचं? शेखरने चिडूनच फोन लावला. दिनेशला एवढा आनंद झाला, की शेखरही "अभिनंदन" म्हणून बसला.

मग रांगच लागली. कुणाला जावयाची खुशाली हवी, कुणाला एसटी सुटली का ते. शेखर मीटिंग सोडून निरोप पोचवायचा आणि मला ऐकू जाईल असा कुरकुरायचा. पाड्यावरची पल्लवी बारावी पास झाल्याचं मात्र त्याने स्पीकरवरून स्वतः सांगितलं आणि हळूच डोळे पुसले.

एके दुपारी फुलाबाई झाडाखाली दिसली. लांब काठीला जाळी लावलेल्या झेल्याने आंबे उतरवत होती.

"सापडली!" शेखर लालबुंद झाला. "फुलाबाई, हे काय चाललंय?"

"बरं झालं बोललात, भाऊ. आंबे धाडते."

"कुणाला?"

"तुमालाच! एवढे निरोप नेता. आमच्यात निरोप नेणाऱ्याला रिकामं नाय ठेवत. दिनेश शेळी बघायला आलाय, जाताना गोणी देईल."

"अहो, पण ही झाडं माझी आहेत!"

फुलाबाईने झाडाकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. "तुमची? मग उतरवायला कधीच कसे आला नाय? आमाला वाटलं, कॅमेराच तेवढा तुमचा."

मला हसू आवरेना.

संध्याकाळी गोणी आली. शेखरने आंबा चोखला. कोपरापर्यंत रस, मिशीला रस. मग त्याच हाताने त्याने स्पीकरचं बटण दाबलं.

"फुलाबाई, आंबे पोचले. लय गोड हायेत. उपकार झाले बघा."

आपल्याच झाडाच्या आंब्यांसाठी उपकार मानणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. लग्न झाल्यापासून तो मला इतका कधी आवडला नव्हता.