मर्टलचं फडकं

थेडा हिमलमन किती सावकाश काम करायची हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते पटत नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना बघता बघता झोप लागलेली असते. मी एकदा तिच्या शेडमध्ये डोकावलो तेव्हा तिच्या काचेवरच्या वाळूतला एक सीगल पंख उचलायच्या बेतात होता. मी घरी गेलो, बोट रंगवली, बोट विकली, दुसरी घेतली, ती बुडवली, आणि पुन्हा डोकावलो तर पंख जेमतेम खांद्याच्या वर आलेला.

"घाई झाली का गं?" मी विचारलं.

"थोडी झाली खरी," थेडा म्हणाली, आणि पंख जरा खाली घेतला.

तिचं काम असं चालायचं. खाली दिवा, त्यावर दुधी काच, काचेवर आमच्याच किनाऱ्यावरची चाळून घेतलेली वाळू, आणि वर खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा. बोटानं वाळू सारून चित्र करायचं, पायाखालचं पेडल दाबायचं, की वर टक् होऊन एक फोटो निघायचा. मग तेच चित्र केसभर मोडून पुढचं करायचं. पुन्हा टक्. असे फोटो एकामागून एक पळवले की सीगल उडतो. पण प्रत्येक चित्र आधीच्या चित्राला मारून जन्माला यायचं. बाईनं सगळं आयुष्य चित्रं काढण्यात घालवलं आणि तिच्या घरात भिंतीवर लावायला एक चित्र नव्हतं.

आमच्या शॅड कोव्ह गावात काम म्हणजे मासळी, लाकूड, नाहीतर दुसऱ्याच्या घरचं छप्पर. थेडा काय करते असं कुणी विचारलं तर गाव म्हणायचं, "वाळू निवडते." तिच्या फिल्म जपानला जाऊन आल्या, पण जिथं आगीचा बंब उभा असतो आणि सगळं गाव जमतं त्या आमच्या फायर हॉलमध्ये कधी आल्या नाहीत. तिथं शनिवारी बिंगोचे आकडे पुकारतात.

फेब्रुवारीत थेडा गेली. स्वयंपाकघरात, चहाची वाट बघत. मरणालाही तिनं दारात बराच वेळ ताटकळत ठेवलं असणार, कारण किटलीतलं पाणी आटून किटली काळी पडली होती.

आमच्याकडे माणूस गेलं की शेजारीपाजारी दोन कामं वाटून घेतात. कुणी भांडं भरून खायला आणतं आणि कुणी घर घासून काढतं, म्हणजे भेटायला येणाऱ्यांना नाक मुरडायला जागा राहत नाही. भांडी आणणारे पुष्कळ निघतात. घासायला मर्टल कॉर्कम.

मर्टल थेडाची सख्खी शेजारीण. तिच्या हाताचा जोर सांगायचा तर तिनं एकदा नवऱ्याची बोट इतकी घासली की बोटीचं नाव गेलं, नंबर गेला, आणि तटरक्षकांनी ती बेवारस म्हणून ओढून नेली. आत नवरा झोपलेला होता. त्याला सोडवायला मर्टलला दोन साक्षीदार न्यावे लागले.

तर मर्टलनं थेडाचं घर घासलं, आणि कुणी शेडमध्येही डोकावेल म्हणून शेडही घासली. काचेवर वाळू सांडलेली दिसली. तिनं कोरड्या फडक्यानं ती केराच्या सुपलीत ओढली आणि मग ओलं फडकं मारलं. वाकून जोर लावताना पाय कशावर तरी पडत होता आणि दर वेळी डोक्यावर टक् होत होतं. उंदीर असेल असं समजून ती पुसत राहिली. बाहेर पायऱ्यांवर बर्फाचा आरसा झाला होता. चांगली वाळू फुकट कशाला घालवायची? मर्टलनं ती पायऱ्यांवर पसरली. सगळं गाव भेटायला येऊन गेलं, एकजण घसरला नाही.

दुसऱ्या दिवशी माँट्रियलहून ल्युसियन थिबो आला. तोही त्याच धंद्यातला, थेडाचा जुना दोस्त. सोबत त्यानं एक पेटी आणली होती, आतून राजाच्या बिछान्यासारखी मऊ. थेडाचं शेवटचं चित्र काचेसकट, एक कण न हलवता, तो त्या पेटीतून नेणार होता. फायर हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, त्यामुळे गावातली सगळीच दारं मी उघडून द्यायची असा समज आहे. मी शेड उघडली. मर्टल कामाचं कौतुक ऐकायला मागे उभी राहिली.

"काच लखलखतेय," ल्युसियन म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता.

"व्हिनेगर," मर्टल म्हणाली. "नुसत्या साबणानं नाही येत अशी."

"इथं वाळू होती."

"होती की! सगळीकडे सांडलेली. गेलेल्या माणसाला बोलू नये, पण टापटीप नव्हतीच हो तिच्यात."

ल्युसियन लॉबस्टरच्या खोक्यावर बसला. "आणि आता ती वाळू कुठं आहे, मॅडम?"

"तुमच्या बुटाला."

मग त्यानं तिला समजावलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, कारण मर्टलला ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते येतं.

"एल्डन," ती माझ्याकडे वळली, "तुला ठाऊक होतं?"

"मला वाटलं तुलाही ठाऊक असेल. कुंपणाला कुंपण तुझं."

"मी काय तिच्या काचेत डोकं घालत होते? मला माझी कामं नाहीत?" मग हळू: "लोक काय म्हणतील? जन्मभर बाईनं राबून केलं आणि मर्टलनं एका फडक्यात पुसलं. मी मेल्यावरही हेच म्हणतील. पुसणारी मर्टल."

त्या आठवड्यात तिनं स्वतःच्या पायऱ्या झाडल्या नाहीत. तिची तब्येत विचारायला पलीकडच्या गावातून फोन आले. ल्युसियननं कुणाला काही सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता, एवढी पत मी आयुष्यभर मेहनत करून मिळवलेली आहे.

ल्युसियन कॅमेऱ्यातली रीळ काढून घेऊन गेला. मे महिन्यात ती धुऊन घेऊन परत आला. शनिवारी फायर हॉलमध्ये थेडाच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला, आणि बिंगो पुढे ढकलला. शॅड कोव्हमध्ये असं याआधी फक्त हॉलला आग लागली तेव्हा झालं होतं. शुक्रवारी दुपारी त्यानं मर्टलला आणि मला हॉलमध्ये बोलावलं, खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि प्रोजेक्टर चालू केला.

पडद्यावर वाळूची टेकडी आली, टेकडीवर कपडे वाळत घालायची दोरी. वारा सुटतो. सदरा दोरीवरून निसटतो आणि त्याचा पाणकावळा होतो. पायमोजे मासे होऊन खाली समुद्रात उतरतात. एक परकर फुगून शीड होतो आणि बोट त्याच्या मागे निघते. शेवटी दोरीवर एक चादर उरते. ती एका टोकानं उचलली जाते, आता काहीतरी होणार असं वाटतं, आणि उजवीकडून एक भलामोठा हात फडकं घेऊन येतो. चादर, दोरी, टेकडी, सगळं ओढून नेतो. डावीकडचा एक कोपरा उरतो. मग पांढरा पडदा.

हाताची करंगळी आत वळलेली होती. मासळीच्या कारखान्यात सुरी लागल्यापासून ती तशीच.

"हा माझा हात," मर्टल म्हणाली.

"तुमचा पाय पेडलवर होता, मॅडम."

"म्हणजे उंदीर नव्हता तो." ती उठून उभी राहिली. "कापा ते. माझा हात काढून टाका."

ल्युसियननं वाद घातला नाही. फिल्म कापायचं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं, रीळ मागे फिरवली. "हात तुमचा, तेव्हा शब्द तुमचा. चादरीपाशी कापतो."

"चादरीचं पुढं काय होणार होतं?"

"माहीत नाही. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं."

"मग ती नुसती लोंबकळत राहणार?"

"हो."

"दोरीवर?"

"दोरीवर."

"वाळलेली?"

ल्युसियननं माझ्याकडे बघितलं. "दिसत तरी होती वाळलेली," मी म्हणालो.

मर्टल पुन्हा बसली. "वाळलेला कपडा दोरीवर टाकून कुणी जातं का? गावानं तिचं काम कधी बघितलं नाही. उद्या पहिल्यांदा बघणार, आणि तुम्ही अर्धवट दाखवणार?"

"ते अर्धवटच राहिलंय."

मर्टलनं आपल्या करंगळीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या."

"नक्की?"

"नक्की-बिक्की काही नाही. मला बोलतील तर मी उलट बोलेन. तिला बोलले तर ती काय करणार आहे? ठेवा ते यंत्र आत."

शनिवारी हॉलमध्ये हॅम होतं, बटाटे होते, आंबवलेल्या कोबीची अख्खी बादली होती, आणि बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. आधी थेडाच्या जुन्या फिल्म लागल्या. एकीत धक्क्यावरून एक माणूस चालत येतो, वाळूचाच, तोंडही नीट दिसत नाही. वेलन्स क्राउस एकदम ओरडला, "अरे, हा आमचा म्हातारा! चाल बघा! डावा पाय बघा त्याचा!" लोक हसले. वेलन्स हसला नाही. म्हातारा जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. पडद्यावरचा धक्का संपेपर्यंत तो उभाच राहिला आणि मागच्यांनीही त्याला बस म्हटलं नाही.

मग चादर आली, आणि हात आला. आधी कुजबूज, मग वेलन्सच, "मर्टल! ती करंगळी तुझी गं!"

मर्टल अंधारात उभी राहिली. "माझीच. थेडा गेली तेव्हा शेड मी साफ केली. मला वाटलं वाळू सांडलीये. ते तिचं चित्र होतं. पुसलं मी."

हॉलमध्ये एवढी शांतता पसरली की खाडीतल्या लॉबस्टरांनी चालणं थांबवलं.

"आणि वाळूचं काय केलंस?" मागून कुणीतरी विचारलं.

"पायऱ्यांवर टाकली. तुम्ही सगळे तिच्यावरूनच आत आलात."

लोकांनी खाली आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"तरीच मी पडलो नाही," वेलन्स म्हणाला. "थेडाच्या दारात मी दर हिवाळ्यात पडतो."

पुढच्या रांगेतून आयडा मॉसमननं काठी पडद्याकडे रोखली. तिला नव्वदी केव्हाच मागे पडली आहे. "मर्टल, डावा कोपरा राहिलाय तुझा."

"तो नंतर पुसला," मर्टल फणकारली. "तेव्हा पाय पेडलवर नव्हता."

मग हॉल हसला, मर्टल सोडून. कुणीतरी म्हणालं पुन्हा लावा. ल्युसियननं पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला मर्टल आपली खुर्ची ओढत आयडाच्या शेजारी, अगदी पडद्याखाली जाऊन बसली आणि मान वर करून आपला हात येताना पाहिला, जाताना पाहिला.

"मनगट सैल पडलंय," ती ल्युसियनला म्हणाली. "थेडानं परत करायला लावलं असतं."