चर्चच्या वायफायवर

दौंड ते रांजणगाव, कंपनीच्या बसमध्ये रेंज टिकत नसे आणि ब्लेसनला शांतता सोसत नसे. आई अंथरुणाला खिळल्यापासून तर त्याच्या कानाला सतत कुणाची तरी बडबड लागायची. म्हणून दर रविवारी तो चर्चच्या वायफायवर आठवडाभराचे पॉडकास्ट उतरवून घेई. आजही शेवटच्या बाकावर पाय हलवत तो डाउनलोडची रेघ सरकताना बघत होता. पुढं पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली. सगळे ‘आमेन’ म्हणाले, तेव्हा बारावा भाग उतरला होता.

घरी आई मोबाइल धरून पडली होती. उपासना चर्चमधून त्याच वायफायवरून लाइव्ह यायची. ती लावायला त्यानंच तिला शिकवलं होतं.

“आज काय झालं रं चर्चात? पाळकसायबांनी माझं नाव घेतलं आन् चित्र तिथंच थांबलं.”

ब्लेसननं हातातला मोबाइल घाईनं खिशात सारला. “वायफायवर लोड आला आसंल, आई.”

“आसंल,” म्हणत तिनं डोळे मिटले, हात जोडले. “राहिलेली प्रार्थना तू कर.”

नऊ तासांची बडबड खिशात घेऊन तो तिच्या उशाशी उभा राहिला. “हे प्रेमळ बापा,” म्हणाला, आणि तिथंच थांबला.