ज्युनिपरची दुसरी वीण

"हात काढ तिथनं," व्हर्ना म्हणाली.

क्लेमचा अंगठा ज्युनिपरच्या पोटावरच्या फुगवट्यावर होता. "अगं, जरा दाबलं की सरकतील पुढं. दोनच तर अंडी राहिलीत."

"आत फुटलं तर मरेल ती. काढ म्हणते ना."

त्यानं हात काढला. केशरी ठिपक्यांची ती सापाची मादी ओल्या शेवाळात निपचित पडली होती. परवा सकाळी तिनं सात अंडी घातली आणि मग ती अडली.

व्हर्नानं तीस वर्षं डुलूथमध्ये शाळेची बस चालवली. लग्न करायचं राहूनच गेलं. सापांच्या बाबतीत मात्र तिचा नेम कडक होता. मादी तीन वर्षांची होऊन अंगानं भरल्याशिवाय नर सोडायचा नाही, आणि वर्षाला वीण एकच. ज्युनिपरची ती जूनमध्येच झाली होती. त्यानंतर व्हर्ना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेली, घर आणि साप धाकट्या भावावर, क्लेमवर, सोपवून.

"तूच नर सोडलास ना?" गाडीत तिनं विचारलं. ज्युनिपरचा डबा तिच्या मांडीवर होता, आत फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली.

क्लेम रस्त्याकडे बघत राहिला. "दोघा गिऱ्हाइकांना पिल्लं कबूल केली होती. ज्युनिपर खात होती की चांगली."

"पाठीचा कणा वर आला होता तिचा. दिसला नाही तुला?"



जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. "अंडी आत चिकटलीत. पोट उघडावं लागेल. वाचली तरी पुन्हा अंडी घालणार नाही."

"मग ठेवून उपयोग काय तिचा?" क्लेम पुटपुटला.

"उघडा," व्हर्ना डॉक्टरांना म्हणाली.

दोन तास ती बाकावर ताठ बसून होती. क्लेमनं आणलेली कॉफी तशीच निवली. अखेर दार उघडलं, तेव्हा आखडलेल्या गुडघ्यामुळे तिला उठवेना.

"जीभ हलवतेय," डॉक्टर म्हणाल्या.

घरी पोचल्यावर कुलूप क्लेमनंच काढलं. व्हर्ना आत गेली नाही.

"किल्ली दे."

"व्हर्ना, मी..."

"दे."

जुडग्यातून ती सोडवायला त्याला बराच वेळ लागला. व्हर्नाचे दोन्ही हात डब्याखाली होते. शेवटी त्यानं किल्ली तिच्या कोटाच्या खिशात हळूच सोडली आणि ती आत जाईपर्यंत दार धरून उभा राहिला.