तुळजाबाईंनी स्वतःचं टेबल काढलं

भिवंडीतल्या गोदाम परवान्यांच्या कचेरीत नकाशा, रस्ते आणि पाणी असे तीन विभाग होते, तीन मजल्यांवर. तिन्ही मिळून एकच विभाग करायचा असा वरून आदेश आला आणि कचेरी ढवळून निघाली. तिन्ही खातेप्रमुखांना अचानक आपलं काम दुप्पट झाल्याचं दिसायला लागलं. युनियनचे काळूराम म्हात्रे फाटकापाशी घोषणा देऊ लागले.

तुळजा शेलार जावक टेबलावर एकोणीस वर्षं बसलेली. फाईल आली की नोंद करायची, 'पुढे पाठवावी' लिहून सही करायची आणि वरच्या मजल्यावर धाडायची. काम चोख. तिची नोंद चुकली असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

नव्या अधिकारी ऋतिका मॅडमनी प्रत्येकाला एक कागद दिला. 'तुमचं टेबल काढलं तर काय अडेल?' एवढाच प्रश्न. सगळ्यांनी मागच्या बाजूलाही लिहून कागद भरून टाकला. तुळजाचा कागद मात्र दोन दिवस कोरा राहिला.

तिसऱ्या दिवशी तिनं राहनाळच्या केसरीनाथ पाटलांची फाईल मागून घेतली. गोदामाच्या परवान्यासाठी ते अकरा खेपा घालून गेले होते. एकेक पान उलटत तिनं सह्या मोजल्या. सतरा. त्यातल्या आठ नुसत्या 'पुढे पाठवावी'च्या. आणि त्या आठांत तीन तिच्याच. आपली वळणदार सही बघून तिला पहिल्यांदा लाज वाटली.

तिनं कागदावर लिहिलं : 'काही अडणार नाही. फाईल चार दिवस आधी पोचेल.'

संध्याकाळपर्यंत बातमी फुटली. काळूराम तरातरा आले.

"ताई, ह्ये काय लिवलंस? आमी भायेर उन्हात बोंबलतोय, आन तू आतून पाय कापतेस?"

"खोटं लिवलं काय?"

"खरं-खोटं न्हाय गं. उद्या घरी बसवतील तुला."

ही भीती तुळजालाही होतीच. दोन रात्री नीट डोळा लागला नव्हता. पण ती म्हणाली, "टेबल जाऊ दे, काळूरामभाऊ. मानूस जाता कामा न्हाय. त्यासाठी भांडा ना. मी पन येते फाटकावर."

काळूराम आले तसेच तरातरा निघून गेले. पण सोमवारी घोषणा बदलली होती. 'विभाग मोडू नका' जाऊन 'एकही माणूस कमी करणार नाही, लिहून द्या' आलं. तुळजा खरोखरच पहिल्या रांगेत उभी होती. ऋतिका मॅडमनी वर दोनदा फोन केले आणि चौथ्या दिवशी तसं पत्र हातात ठेवलं. मग बाकीच्यांनीही आपापले कागद परत मागून घेतले आणि खरं काय ते लिहिलं.

सगळं मनासारखं झालं असं नाही. पाणी विभागाच्या साहेबांनी एका पुढाऱ्याला शब्द टाकायला लावून आपली केबिन आणि दारावरची पाटी राखली. ऋतिका मॅडमची चार महिन्यांत बदली झाली. पण सतरा सह्यांच्या सहा झाल्या आणि त्या परत कुणाला वाढवता आल्या नाहीत.

तुळजाला तळमजल्यावरची खिडकी मिळाली. मानकोली, काल्हेरहून येणाऱ्यांना कागद समजावून सांगायचे, अर्ज तिथंच तपासून घ्यायचा. कुणी आगरी बोलीत विचारी, कुणी हिंदीत. तीही तशीच उत्तर देई. माणसं तिच्या तोंडाकडे बघत ऐकत आणि काम समजलं की मान डोलवत. पहिल्याच आठवड्यात तिचा घसा बसला.

घरी नवऱ्यानं, अनंतानं, हळदीचं दूध पुढं केलं. "लईच दमलीस काय?"

"बोलून बोलून दमले," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि हसत सुटली.