उन्हाच्या खोलीची तावदानं

सून गिऱ्हाइकाचा कोट पोचवून घरी आली, तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "खुर्ची गेली माझी. तुझं मशीन वाचलंय."

वाऱ्यानं शेजारच्या झाडाची मांडीएवढी फांदी मोडून घरामागच्या काचेच्या खोलीवर टाकली होती. सासूबाई गुडघ्याची गोळी घ्यायला म्हणून उठून आत आल्या, आणि पाठीमागे छप्पर कोसळलं. सून त्यांचा दंड धरून उभी राहिली. मग दोघी मिळून काचा झाडायला लागल्या.

उन्हाची खोली म्हणत तिला घरात. सून तिथं शिवणकाम करायची आणि सासूबाई गुडघे उन्हात ठेवून बसायच्या. दोघींचं भांडण नव्हतं, पण फार गूळपीठही नव्हतं. मुलगा बोटीवर स्वयंपाकी, सहा-सहा महिने समुद्रावर. तो फोनवर विचारायचा, "दोघी बऱ्या आहात ना?" आणि दोघी वेगवेगळ्या खोल्यांतून "हो" म्हणायच्या.

काचेच्या खोल्या बांधणारा एक कंत्राटदार येऊन बघून गेला. "हे सगळं पाडा आणि नवीन बांधा," म्हणाला, आणि त्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून सुनेचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तिनं वर ताडपत्री बांधली. मशीन स्वयंपाकघरात आलं. तिथं दिवा लावूनही काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. एक बाही तर तिनं उलटी जोडली. ताडपत्री दिवसभर फडफडायची आणि सासूबाई पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

"विटांनी बुजवून टाक ती खोली," एके दिवशी त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी जीव आटवू नकोस. माझं काय, आज आहे, उद्या नाही."

"आई, तुम्ही गेली दहा वर्षं हेच म्हणताय," सून म्हणाली. "आणि मला डोळे हवेत की नको?"

मग तिनं एका सुताराला बोलावलं. पन्नाशीचा, बोलायला कंजूष माणूस. त्यानं लाकडी चौकटीत ठिकठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला. वरून ठणठणीत, तर खालच्या आडव्या लाकडात मात्र तो लोण्यात जावा तसा आत गेला.

"खांब चांगले आहेत," तो म्हणाला. "खालचं लाकूड बदलू. छप्पर प्लास्टिकच्या दुहेरी पत्र्यांचं करू, डोक्यावर जुनी काच नको. राहिल्या बाजूच्या खिडक्या. पलीकडच्या गल्लीत जुनी शाळा पाडतायत. खिडक्या बाहेर काढून ठेवल्यात. उचलून नेलं तर दुवा देतील."

मजुरीतला काही भाग त्यानं शिवणकामात मागितला. त्याच्या बायकोला लांब कोट हवा होता.

शाळेच्या खिडक्या आल्या खऱ्या, पण एकीला दुसरीचं माप जुळेना. एक उंच, एक बुटकी, एकीला सहा तावदानं, एकीला एकच. सुतार डोकं खाजवत राहिला. सुनेनं मात्र कापड बेतायचा खाकी कागद काढला, प्रत्येक खिडकीचा आकार कापला आणि जमिनीवर मांडायला बसली. तुटपुंज्या कापडात कोट बसवायची तिला सवयच होती. ही इकडे, ती आडवी, ही उलटी. संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. फक्त एका कोपऱ्यात वीतभर जागा उरली.

"तिथं फळी ठोकू," सुतार म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच सुनेकडे नीट पाहिलं. "तुम्ही माझ्या धंद्यात यायला हवं होतं."

खरी पंचाईत पुढे झाली. जुन्या खिडक्यांत काचा पक्क्या धरणारी लांबी, म्हणजे पुट्टी, सुकून गळून पडली होती. काचा चौकटीत खुळखुळत होत्या. सुतारानं खडूची पूड आणि जवसाचं तेल कालवून नवी लांबी केली, पण ती कधी भुगा व्हायची, तर कधी बोटांना चिकटायची. सासूबाई दारातून हे बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अरे, मळतोयस की मारतोयस तिला? तेल एकदम ओतायचं नसतं. आण इकडे."

लग्नाआधी आणि नंतरही, मिळून तीस वर्षं त्यांनी बेकरीत पीठ मळलं होतं. खुर्ची ओढून त्या टेबलाशी बसल्या. गुडघे कुरकुरत असले तरी मनगटं शाबूत होती. तेल थेंबाथेंबानं, तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दाबून, घडी घालून पुन्हा दाबून. थोड्या वेळात गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ झाला. त्याची त्यांनी लांब वळी केली, काचेच्या कडेनं टेकवली आणि अंगठ्यानं एका दमात खालपर्यंत ओढली. कड सुरीनं कापल्यासारखी सरळ आली.

सुतार बघतच राहिला. "काकू, हे कुठं शिकलात?"

"पाव भाजून बघ तीस वर्षं, म्हणजे कळेल."

पुढचे चार दिवस सासूबाई सकाळी सुनेच्या आधी तयार असायच्या. सून काचा पुसून द्यायची, त्या लांबी ओढायच्या. बेकरीतल्या मालकाच्या नकला ऐकून सून इतकी हसली, की एक काच हातातून सुटता सुटता राहिली. इतक्या वर्षांत या गोष्टी आपण विचारल्याच नाहीत, याची तिला आतून चुटपुट लागली. तिनं अजून एक गोष्ट विचारली.

छप्पर चढल्यावर बागेच्या नळीनं पाणी मारून बघितलं. नळी सासूबाईंनीच धरली. एका सांध्यातून पाणी नेमकं सुनेच्या डोक्यावर टपकलं. "सापडलं!" ती ओरडली, आणि सासूबाईंनी मुद्दाम नळी आणखी थोडी तिथंच धरली. सुतारानं तो सांधा बंद केला. दुसऱ्या वेळी सगळं कोरडं राहिलं. तेव्हा कुठं तिघांचा जीव भांड्यात पडला.

खोली काही पहिल्यासारखी दिसत नव्हती. एक काच किंचित हिरवट, एक लहरी असलेली. जमिनीवर ऊन लहानमोठ्या चौकोनांत पडायचं. सुनेचं मशीन उंच खिडकीखाली गेलं आणि काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसायला लागला.

कोट न्यायला सुतार आला, तेव्हा दारात घुटमळत उभा राहिला. "काकू, एका घरी आठ खिडक्यांची लांबी करायचीय. माझ्याच्यानं तुमच्यासारखी होत नाही. याल का?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं हसू दाबत सुईत दोरा ओवला.

"गाडीनं नेणार-आणणार असलास तर," त्या म्हणाल्या. "आणि टेबल उंच पाहिजे. मी वाकत नाही."

मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "मला एक एप्रन शिवून दे. खिसे मोठे ठेव."

"उभ्या राहा, माप घेते," सून म्हणाली, आणि टेप घेऊन उठली.